पेटी बंद होती त्या दिवसांत

काशीला अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर मी प्रथम बसले ती 2023 च्या नोव्हेंबरात. आमच्या शेजारच्या काकूंना काशीयात्रा करायची होती आणि सोबतीला कोणी नव्हते. त्यांचे यजमान कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ‘‘तू चल गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझा देव काही रागावायचा नाही.’’ मी ख्रिस्ती, नगरच्या एका मराठी मंडळीत बावीस वर्षे पेटी वाजवते आणि गायनपथक सांभाळते. देव रागावणार नाही याची मलाही खात्री होती. प्रश्न वेगळाच होता. आपण अजून मनापासून गातो की नुसत्या पट्ट्या दाबतो, हे माझे मलाच उमजत नव्हते.

घाट तसा आपल्याच माणसाचा. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला. 1780 मध्ये विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभे केले तेही त्यांनीच. बाईंचा जन्म 1725 साली चौंडीचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. आमच्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जिभेला मात्र अजून ‘नगर’च येते, चालायचेच! या बाईने नवरा, सासरा, मुलगा, शेवटी मुलगी, एकेक करून सगळ्यांना निरोप दिला, आणि तरी घाट बांधत राहिली. काकू हे ऐकून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या.

शेजारच्या दशाश्वमेधावर संध्याकाळची आरती सुरू झाली. घंटा, शंख, माणसांची ही गर्दी. टाळेबंदीच्या काळात इथे एकच पुजारी आरती करीत असे आणि समोर कोणी नसे. ते ऐकले आणि मला आमचे रिकामे बाक आठवले.

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी आली. 5 एप्रिल हा आमचा झावळ्यांचा रविवार. त्याच रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी दिवे लावले होते, वाचकांना आठवत असेल. काकूंनी गॅलरीतून हाक मारली, ‘‘पेटी काढ की बाहेर!’’ मी काढली. नऊ मिनिटे वाजवली. खालच्या मजल्यावरून कोणी तरी टाळ धरला. त्या वर्षी सणाला माणसांपुढे वाजवले ते तेवढेच. 12 एप्रिलचा ईस्टर घरातच झाला.

पुढे मोबाइलवरच्या उपासना सुरू झाल्या. सुरुवातीला उत्साह होता. दर आठवड्याला तीन गीते वाजवून, गाऊन, चित्रण करून शनिवारी दुपारपर्यंत पाठवायची. पथकातले प्रत्येक जण आपापल्या घरी माझ्या पेटीवर गाई आणि एक भाचा ते सगळे एकत्र जुळवी. कोणाचा ताल पुढे, कोणाचा मागे, मध्येच कुकरची शिट्टी. शुक्रवारी रात्री दोन दोन वाजता मी तेच कडवे नवव्यांदा वाजवत असे. रविवारी सगळे उपासना बघत बसत तेव्हा माझे लक्ष फक्त ‘तिसऱ्या ओळीत सूर हलला’ याच्यावर. प्रार्थना कोणती झाली, विचाराल तर सांगता यायचे नाही. उपासना दुसऱ्यांना पोहोचवता पोहोचवता माझीच सुटत होती. ‘‘बाई, एवढे तरी हवेच,’’ असे वरून सांगणे येई आणि ‘नाही’ म्हणायची आम्हां मंडळींना सवय नाही.

बरे, एकत्र येऊन गावे तर तेही धोक्याचे. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन या गावी एका गायनपथकाची अडीच तासांची तालीम चर्चच्या सभागृहात झाली. 61 जण आले होते. त्यातले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो. त्याबरोबर साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. आयुष्यभर ‘पोटातून श्वास घ्या, मोकळ्या घशाने गा’ म्हणून ओरडणारी मी. तेच आता घातक ठरले होते.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली ती थेट 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. त्या दुसऱ्या बंदीतच आमच्या पथकातले सर्वांत वडील काका गेले. मला पहिली सुरावट त्यांनीच शिकवली होती. आमच्याकडे माणसाला मातीला देताना गातात. कबरीशी उभे राहून, रडत रडत, पण गातात. काकांच्या वेळी पांढऱ्या पोशाखातले चार लोक आणि पाळक, बस्स. मी स्वतः त्या दिवसांत तापाने घरात कोंडलेली. ज्यांनी शेकडो जणांना गात निरोप दिला त्यांना एक सूरही मिळाला नाही. मी पेटीवर चादर टाकली ती पाच महिने काढली नाही.

त्या पाच महिन्यांत प्रार्थनाही धड होत नव्हती, हे इथे मोकळेपणी सांगते. पाळकांच्या पत्नीला फोनवर सांगितले तर त्या म्हणाल्या, ‘‘मग आम्ही करतो तुमच्या वाटची. तुम्ही जेवा नि झोपा.’’ मला तेव्हा हा सल्ला फार वरवरचा वाटला होता. पण झोप आणि जेवण यांनीच सुरुवात झाली. चित्रणाचे काम महिन्यातून दोनच रविवार करीन असे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटले. आभाळ कोसळले नाही. दुसऱ्या दोन रविवारी मुलांनी जुनीच ध्वनिफीत लावली आणि कोणाची तक्रार आली नाही. (थोडे वाईटही वाटले म्हणा!)

डॉक्टरांनी छाती तपासून गाण्याला घाई करू नका म्हणून बजावले होते. धाप लागली की थांबायचे. आधी नुसता दीर्घ श्वास, मग ओठ मिटून गुणगुणणे, तेही पाच मिनिटे. काळी चारमधून गाणारी मी पांढरी चारवर उतरले. पेटी उघडली तेव्हा पावसाळ्याने एक पट्टी फुगून दाबलेलीच राहिली होती. भाता हलवला की ‘ग’ आपला बोंबलतोय! पथकातल्या चौघींना फोनवर तो ऐकवला. आम्ही सगळ्या इतक्या हसलो की मला ठसका लागला. त्यानंतर रोज संध्याकाळी सातला फोन लावायचा असे ठरले. गायचे नाही, फक्त कोण जेवले, कोणाच्या घरी कोण आजारी, एवढेच. काही दिवसांनी एकीने आपणहून एक कडवे गुणगुणले.

काशीत फिरताना कळत गेले की इथल्या गाणाऱ्यांनीही हेच सोसले. संकटमोचन मंदिराचा संगीत समारोह 1923 पासून चालत आलेला. देवापुढे हजेरी लावायची म्हणून मोठमोठे कलावंत येतात. 2020 मध्ये प्रथमच तो संगणकाच्या पडद्यावर झाला. पंडित जसराज तेव्हा नव्वद वर्षांचे आणि न्यू जर्सीत अडकलेले. तिथूनच त्यांनी हनुमानापुढे गाणे रुजू केले. ते त्यांचे अखेरचे गाणे ठरले. 17 ऑगस्टला ते गेले. पुढच्या वर्षी, 25 एप्रिल 2021 रोजी, बनारस घराण्याचे पंडित राजन मिश्र कोरोनाने गेले. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात उभारलेल्या कोविड रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच आठवड्यात पंडित छन्नुलाल मिश्र यांची पत्नी आणि मुलगी काही दिवसांच्या अंतराने गेल्या. स्मशानातल्या होळीचे पद ज्यांच्या गळ्यातून देशभर पोहोचले, त्यांच्याच घरात हे घडावे! 2025 च्या ऑक्टोबरात तेही गेले.

आमच्या मराठी उपासनेचा सूर तरी कुठून आला? नारायण वामन टिळकांनी परक्या चालींऐवजी अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्ती भजने रचली. त्यांचे बरेच आयुष्य नगरलाच गेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस आहेत. साथ ही गोष्ट आमच्या मंडळीला नवी नव्हती. आम्ही विसरलो होतो इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदौलियाजवळ ‘गिरजाघर’ नावाचा चौक लागला. रिक्षावाल्यांच्या तोंडी तेच नाव. तिथे सेंट थॉमस चर्च उभे आहे. काकू म्हणाल्या, ‘‘काल माझा देव झाला, आज तुझा.’’ आम्ही दोघी बाहेर सावलीत थोडा वेळ थांबलो. मग त्यांनी अचानक विचारले, ‘‘तुझ्या त्या काकांसाठी गायलीस का गं नंतर कधी?’’

नव्हते गायले. दोन वर्षांत कबरस्तानाच्या फाटकातून आत गेले नव्हते.

एप्रिल 2024 मध्ये, त्यांच्या पुण्यतिथीला, आम्ही अकरा जण पेटी आणि ढोलकी घेऊन गेलो. काकूही आल्या, पदर डोक्यावर घेऊन. ऊन चढायच्या आत उरकायचे म्हणून सकाळी सातला. मी सवयीने पांढरी चार धरली. ढोलकीवाल्या पोराने हात धरून थांबवले. म्हणाला, ‘‘बाई, काका पांढरी एकमधून गायचे. तिथूनच घ्या.’’