गुलाबजल, गवती चहाचं तेल घरी काढताय? आधी नळी बघा

परसातल्या गावठी गुलाबाचं गुलाबजल आणि बांधावरच्या गवती चहाचं तेल घरच्या घरी काढता येतं. भांड्यात पाणी आणि पाकळ्या उकळायच्या, वाफ नळीतून न्यायची आणि ती नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवायची. दुसऱ्या टोकाला थेंब थेंब गुलाबजल पडतं. गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं, ते वरून काढून घेतात.

भांडं सगळे नीट निवडतात. नळी मात्र हाताला लागेल ती लावली जाते. ठिबकची उरलेली, फवारणी पंपाची, नाहीतर गॅसची रबरी. घोटाळा इथेच होतो.

प्लास्टिक आणि रबर का नको?

वाफ 100 अंश सेल्सिअसची असते. पीव्हीसी पाईप साधारण 80 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. ठिबकची नळीही एवढ्या उष्णतेसाठी बनवलेली नसते. गरम झाल्यावर त्यातले रासायनिक घटक पाण्यात उतरतात. शिवाय सुगंधी तेल स्वतःच प्लास्टिक आणि रबराला फुगवतं, विरघळवतं. फवारणी पंपाची नळी तर कितीही धुतली तरी वापरू नये. औषधाचा अंश तिच्यात मुरलेला असतो.

सगळ्यात बरं स्टील

304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्यावं. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, म्हणून भांड्यांवर 18/8 असा शिक्का दिसतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304." त्यावर जाऊ नका. स्वस्तातलं 202 ग्रेडचं स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण ते लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

तांबं चालतं, पण जपून

तांब्याची नळी सहज वळते आणि वाफ लवकर थंड करते. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अत्तर काढायला पिढ्यान् पिढ्या तांब्याचीच भांडी वापरतात, वाफेची नळी मात्र बांबूची असते. पण गुलाबजल किंचित आंबट गुणाचं असतं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कसं कळकतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. इथेही तसंच होतं. नळीत हिरवट थर धरला किंवा पाण्याला हिरवी-निळी झाक आली, तर ते पाणी टाकून द्या. नळी लिंबू-मिठाने साफ करा आणि प्रत्येक वेळी काम झाल्यावर कोरडी करून ठेवा.

जीआय पाईप घेऊ नका. त्याच्यावरचा जस्ताचा थर आंबट पाण्यात सुटतो.

सांध्यात लपलेलं शिसं

खरा धोका जोडाचा आहे. रेडिओ-मोटार दुरुस्तीला वापरतात त्या साध्या डाखात शिसं असतं. शिशाला ना वास ना चव, पण लहान मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करतं. आपल्याकडे गुलाबजल मुलांच्या तोंडाला, डोळ्यांनाही लावतात. तेव्हा तांब्याला बिनशिशाचा डाख सांगून मागा, स्टीलला आर्गॉन वेल्डिंग करून घ्या. पितळी कॉक आणि निपलमध्येही थोडं शिसं असू शकतं, त्याजागी स्टीलचे घ्या.

आट्यांवर टेफ्लॉन टेप चालते. झाकणाची फट घट्ट मळलेल्या कणकेने बंद करता येते. लवचिक तुकडा लागलाच तर अन्नासाठीची सिलिकॉन नळी बोटभर वापरा, तीही गुलाबजलालाच. तेलाने सिलिकॉन फुगतं.

हे विसरू नका

- नळी आतून निदान अर्धा इंच असावी आणि भांड्यातल्या तोंडाशी जाळी लावावी. पाकळी अडकून वाफ कोंडली तर भांडं फुटू शकतं.
- बाहेरच्या टोकाला कॉक लावू नका. टोक गोळा झालेल्या पाण्यात बुडवू नका, जाळ बंद केल्यावर पाणी उलटं आत ओढलं जातं.
- कुकर वापरला तर सेफ्टी व्हॉल्व्ह काढू नका, बुजवू नका.
- नवी नळी साबणाने धुवा. पहिल्यांदा नुसतं पाणी उकळून वाफ काढा आणि ते पाणी फेकून द्या.

ही माहिती गुलाबजल आणि वनस्पतींच्या तेलापुरती आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार गुन्हा आहे. गुलाबजल विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी.

दुकानात नळी हातात घेतली की एवढंच मनाशी विचारा: ह्या वस्तूच्या भांड्यात आपण गरम चिंचेचं सार ठेवू का? उत्तर नाही आलं, तर ती नळी परत ठेवा.