कोडे सुटले, गोळी सुटली

“डॉक्टर, कोडी सोडवली की मेंदू तल्लख राहतो ना?” एका निवृत्त तारमास्तरांनी मला विचारले होते. समोर पेशंटांची रांग होती. मी “हो, हो” म्हणून मोकळा झालो.

त्यांचा छंद अक्षरे बदललेल्या वाक्यांचा. ‘क’च्या जागी ‘प’, ‘म’च्या जागी ‘ल’, अशी सगळी व्यंजने बदललेले वाक्य घ्यायचे आणि पेन्सिल-खोडरबर घेऊन मूळ वाक्य शोधायचे. कोणते अक्षर किती वेळा आले हे आधी मोजायचे. ही युक्ती नवव्या शतकात अल्-किंदी या अरब पंडिताने लिहून ठेवली आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येते ते ‘ई’. मराठीत स्वर आणि काना-मात्रा तशाच ठेवल्या असतील, तर वाक्याच्या शेवटी ‘आ’ आणि एक मात्रा असलेला दोन अक्षरी शब्द दिसला की तो बहुधा ‘आहे’. ‘ह’ सापडला, की ‘हा’, ‘ही’ लगेच उलगडतात. मीही करून पाहिले. माझे खोडरबरच जास्त झिजले!

माझ्या त्या ‘हो’चा अर्थ मास्तरांनी असा घेतला, की मेंदूला व्यायाम आहे, मग रक्तदाबाची गोळी कशाला? त्यांनी ती परस्पर बंद केली.

वास्तविक कोड्याचा उपयोग मर्यादित आहे. अमेरिकेत 2,800हून अधिक वृद्धांवर झालेला एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना अक्षरमालेतील क्रम ओळखण्याची तालीम दिली होती. सुधारणा दिसली ती मुख्यतः तालीम दिलेल्या गोष्टीतच. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी काही कोड्याने थांबत नाही.

एके दिवशी सकाळी मास्तरांना कोड्यातलेच काय, वर्तमानपत्राच्या मथळ्यातलेही अक्षर लागेना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून घरच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दवाखान्यात रक्तदाब भरला 190/110. मी नाव लिहायला सांगितले. त्यांनी झोकदार सही केली, पण ती त्यांना वाचता येईना! उजवीकडचे दिसतही नव्हते. हात-पाय धड, बोलणे स्पष्ट, म्हणून कोणाला पक्षाघाताची शंकाच आली नाही. पण हाही पक्षाघातच. मेंदूच्या मागच्या भागातला.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, तेही सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ना हे पाहून. मास्तरांची ती वेळ निघून गेली होती. अचानक वाचता येईनासे झाले, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. आणि गोळी बंद करायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. डॉक्टर घाईत असले, तरी दुसऱ्यांदा विचारावे.

मास्तर आता एकेक अक्षर बोटाने गिरवून शब्द जुळवतात. एका मथळ्याला पाच मिनिटे लागतात. सकाळची गोळी त्यांची सौ. स्वतः समोर उभी राहून देते.