कार्डावरचा एकच स्टिकर

दवाखान्याच्या पायरीवरच वास येतो. आंबूस, रक्ताचा. आत स्टीलच्या टेबलावर अडीच महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आडवं पडलंय. रात्रीपासून उलट्या, सकाळपासून लाल पाण्यासारखी शी. डॉक्टर त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच खाली बसत नाही, थोडा वेळ उभीच राहते. "अंगातलं पाणी पार आटलंय," ते म्हणतात. पुढच्या पायाचे केस मशीननं काढतात, पण शीर लागत नाही. दुसऱ्या पायाला लागते. सलाईन सुरू होतं.

शीचा नमुना किटवर टाकलेला आहे. काही मिनिटांतच दुसरी रेघ उमटते. पार्वो.

"पण लस दिलीय ना आम्ही!" मालक विशीतला, डोळे लाल. "व्हायरस बदललाय म्हणे. ग्रुपवर सगळे तेच सांगतायत. मग लसीचा उपयोग काय?"

"बदललाय, खरंय," डॉक्टर सलाईनचा वेग बघत म्हणतात. मांजरांच्या अशाच एका विषाणूच्या कुळातला हा विषाणू 1978 मध्ये जगभरच्या कुत्र्यांत पसरला. वर्षा-दोन वर्षांतच त्याचा 2ए हा प्रकार आला, 1984 मध्ये 2बी आणि 2000 मध्ये इटलीत 2सी. आपल्याकडे बरीच वर्षं 2ए प्रकारच जास्त सापडायचा, आता 2सीही सापडतो. या तिघांना वेगळं ओळखायचं ते कवचाच्या प्रथिनातल्या 426व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लावरून. अवघ्या पाचेक हजार अक्षरांचा जनुकसंच, पण बदलण्याचा झपाटा दांडगा.

"म्हणून लस वाया गेली का? नाही. जुन्या प्रकारांपासून केलेली लस टोचून पिल्लांना मुद्दाम 2सीची लागण करून पाहिलीय. ती पिल्लं तगली. कार्ड दाखव बरं."

मुलगा खिशातून घडी पडलेलं कार्ड काढतो. एकच स्टिकर, दीड महिन्याच्या वयाचा. विकणाऱ्यानं शेजारी झोकात लिहिलंय, 'लसीकरण पूर्ण'. असली कार्डं हातात देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

"या वयात आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं अंगात असतात. ती लसीलाच निकामी करतात. पुढे ती ओसरतात, पण कुठल्या पिल्लाची कधी ते बाहेरून कळत नाही. म्हणून तर परत परत टोचायचं. दुसरा डोस?"

"घरी लग्न होतं... राहिलाच."

डॉक्टर रागावत नाहीत. उलटी थांबवायचं इंजेक्शन भरायला घेतात.

इतक्यात दारात एक बाई कडेवर पामेरियन पिल्लू घेऊन उभ्या राहतात. "काकू, आत नको! खाली तर मुळीच सोडू नका. रिक्षातच बसा, मी बाहेर येतो." कंपाउंडर फरशीवर ब्लीचचं पाणी ओततो. घरोघरी फिनेल मारतात, त्याला हा विषाणू दाद देत नाही. मातीत तर तो महिनोन्महिने टिकतो.

घरात पिल्लू असेल तर त्याचं कार्ड आजच काढून बघा. सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. तो स्टिकर नसेल, तर पिल्लाला रस्त्यावर फिरवायच्या आधी डॉक्टरांकडे न्या.