पाणी मारतेय का?

अंधेरीहून वेसाव्याच्या धक्क्यावर गेलात, तर खाडीतून बाहेर पडणाऱ्या मच्छीमार होड्या थोडा वेळ पाहा. पुष्कळ होड्यांच्या कुशीतल्या एका भोकातून पाण्याची धार सतत उडत असते. आमच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांना वाटले, होडीत शिरलेले पाणी उपसत असावेत. तसे नव्हते. ती धार म्हणजे आतल्या डिझेल इंजिनाची नाडी. तांडेलाचे एक लक्ष समोर असते आणि दुसरे या धारेवर.

डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच पंख्यापर्यंत पोहोचते. उरलेली धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर जाते. १०० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरात चालताना पाण्यावाटे ६० किलोवॅट उष्णता काढावी लागते असे धरू. एक लिटर समुद्राच्या पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात. म्हणून दर सेकंदाला एक लिटर पाणी खेळवले, तर ते १५ अंशांनी तापून बाहेर पडेल. ३० अंशांचे आत, ४५ अंशांचे बाहेर. प्रवाह निम्मा झाला की वाढ ३० अंशांची होते. एरवी १५ सेकंदांत भरणारी १५ लिटरची बादली आता अर्धा मिनिट घेते. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे.

रस्त्यावरच्या ट्रकला रेडिएटर आणि वारा असतो. होडीच्या पोटातल्या इंजिनाला वारा कुठला? म्हणून बहुधा दोन फेरे ठेवतात. इंजिनात गोडे पाणी फिरते आणि कूलरच्या नळ्यांमधून वाहणारे खारे पाणी त्याची उष्णता घेऊन बाहेर पडते. काही इंजिनांत थेट खारे पाणीच फिरवतात, पण मग इंजिन ६० अंशांच्या आसपासच ठेवावे लागते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. समुद्रातले कॅल्शियम सल्फेट मात्र तापलेल्या पाण्यात कमी विरघळते. बायकार्बोनेटचेही तापल्यावर कार्बोनेट होऊन थर बसतो. घरच्या किटलीच्या तळाशी दिसतो तोच हा पांढरा थर. तो उष्णता फार मंद वाहतो, म्हणून पाणी भरपूर असूनही धातू तापलेलाच राहतो.

आम्ही ज्या होडीवर गेलो होतो, तिचा काटा खाडीच्या तोंडाशीच चढू लागला. अशा वेळी इंजिन तडकाफडकी बंद करणे नेहमीच शहाणपणाचे नसते. धार चालू असेल तर वेग उतरवून मंद चालवावे. साचलेली उष्णता निघून जाते. धार थांबली असेल तर मात्र बंदच करावे लागते, कारण तेलाचा पातळ थर तुटून दट्ट्या सिलिंडरात अडकला की इंजिन गेले. आणि बंद इंजिनाची होडी ओहोटीच्या ओढीत कुठेही जाते, म्हणून आधी नांगर. तांडेलाने नेमके तेच केले. धार अगदी बारीक झाली होती.

धार बारीक, म्हणजे दोष खाऱ्या पाण्याच्या वाटेत. धार जोरदार असती, तर शोध दुसरीकडे घ्यायचा: गोडे पाणी कमी झाले आहे का, पट्टा सैल आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, की पंख्यात दोर गुंतून इंजिनावर भार वाढला आहे. एका प्रश्नात निम्म्या शक्यता वगळल्या जातात. (गोड्या पाण्याचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. दाबाखाली तिथले पाणी ११० अंशांवरही न उकळता राहू शकते. दाब सुटला की लिटरभर पाण्यातले जेमतेम २० ग्रॅम वाफ होते, पण तिचे आकारमान ३० लिटरहून अधिक!)

पहिला संशय प्लॅस्टिकवर. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने मोठी सफाई झाली, तरी खाडीतून पिशव्या येतच राहतात. होडीच्या तळाच्या जाळीला पिशवी चिकटते ती पंपाच्या ओढीने. इंजिन थांबवले की ती सुटून खाली लोंबते, तपासावे तर वाट मोकळी. सुरू केले की पुन्हा चिकटते. या लपंडावात तासन्‌तास जातात. एका खलाशाने बुडी मारून पाहिले, पिशवी नव्हती. गाळणीत थोडे शेवाळ निघाले, ते काढूनही धार बारीकच.

मग पंप उघडला. त्यात रबराच्या सहा पात्यांचे चाक असते. ते किंचित एका बाजूला सरकलेल्या घरात फिरते. पाती वाकतात आणि उलगडतात, तेव्हा पाणी ओढले जाते. पाणी हेच त्यांचे वंगण, म्हणून कोरडे फिरले तर ती काही मिनिटांत जळतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत इंजिन पडून असते, एका जागी वाकून राहिलेली पाती ताठरतात. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला हा दोष जास्त दिसणे साहजिक आहे. चाकाची चारच पाती शाबूत होती.

नवे चाक बरोबर होते. ते बसवून निघायला विद्यार्थी उतावीळ झाले, पण तांडेल कूलरचे झाकण खोलू लागला. तुटलेले रबर पाण्याबरोबर पुढेच जाणार! नळ्यांच्या तोंडाशी तीन तुकडे सापडले. त्याने ते जुन्या चाकाला लावून पाहिले. एक पाते पुरे झाले, दुसऱ्याचे टोक उणे होते. ते टोक एका नळीत तारेने चाचपून मिळाले, तेव्हा झाकण बसले. अर्ध्या तासाने कुशीतून धार उडाली. आमच्यातल्या एकीने बादली धरली आणि दुसऱ्याने सेकंद मोजले.