वाळू अडवा, तेल येऊ द्या

कॅनडातल्या अथाबास्का भागातलं तेल डांबरासारखं घट्ट, तेही वाळूत मिसळलेलं. ते काढायला सुमारे 5 मीटर अंतर ठेवून एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी खोदतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडली की पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत झिरपतं.

सोबत वाळूही येऊ पाहते. म्हणून आत मिलिमीटरहूनही अरुंद चिरांची पोलादी नळी बसवतात. चीर रुंद झाली तर वाळू पंप झिजवते, अरुंद झाली तर बारीक मातीने बुजते. खरी गोम इथेच.

एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातले संशोधक प्रयोगशाळेत अशा चिरांवर वाळू ठासतात, तिच्यातून द्रव सोडतात आणि दाब किती घटला, वाळू किती निसटली ते मोजतात. गंमत म्हणजे, थोडे बारीक कण निसटू दिलेलेच बरे. ते अडकले तर तेलाचीच वाट अडते.