कोंबडीचे पाय खुराड्यात दिसतात!

रविवारी सकाळी साडेसहाला मोबाइल वाजला की समजायचं, काहीतरी राडा आहे. पलीकडे माझी कॉलेजची मैत्रीण. आयटीतली टीम लीड, रिलीजच्या रात्रीही आवाज न चढवणारी. आणि त्या दिवशी चक्क रडवेली.

‘अगं, तिला पाच बोटं आहेत!’

कुणाला? तर नव्या कोंबडीला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये अनेकांनी केक केले, हिने कोंबड्या पाळल्या. पुण्याच्या वेशीवर आईवडिलांचं बैठं घर, मागे छोटंसं परस. सुरुवातीला दोन गावरान, आणि यंदा हौसेने आणलेली सिल्की. सिल्की म्हणजे कापसाचा गोळाच. तिच्या पायांवरही पिसं असतात. त्यांना लागलेला चिखल धुताना मॅडमनी बोटं मोजली आणि टेन्शन सुरू! ‘डिफेक्टिव्ह पीस दिला गं मला.’

पाचवं बोट? नो टेन्शन!

कोंबडीला साधारण चार बोटं असतात. तीन पुढे, एक मागे. पण सिल्की, डॉर्किंग, हूदाँ अशा काही जातींत पाच बोटं ही जातीचीच खूण असते. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोल्युमेला तर पाच बोटांच्या कोंबड्यांना अव्वल मानायचा. जास्तीचं बोट आनुवंशिक असतं आणि कोंबडीला त्याचा त्रास होत नाही. फक्त त्या बोटाचं नख जमिनीला घासत नाही, म्हणून ते वाढतं आणि अधूनमधून कापावं लागतं. बस्स.

हे सगळं सांगायला मी तिच्या घरी गेले. चहा झाला, सिल्कीचं कौतुक झालं. तेवढ्यात माझं लक्ष चिंगीकडे गेलं. चिंगी म्हणजे सगळ्यात जुनी गावरान, चार बोटांची, ‘नॉर्मल’. दोन पावलं टाकायची, थांबायची, एक पाय पोटाशी घ्यायची.

‘ती ना, नाटकी आहे,’ मैत्रीण म्हणाली. ‘महिनाभर असंच चाललंय.’

चिंगीला उचललं, पाय उलटा केला. तळव्याला सूज आणि मधोमध काळी, टणक खपली. काकूंनी डोकावून निदान केलं, ‘कुरूप झालंय.’

कुरूप नव्हे, इन्फेक्शन

दिसतं कुरुपासारखंच, पण हा ‘बंबलफूट’. तळव्याला बारीकशी जखम होते आणि जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, आतल्या आत घट्ट गोळा होतो. म्हणून तो दाबून निघत नाही आणि आपोआप जिरतही नाही. दुर्लक्ष केलं तर इन्फेक्शन सांध्यात, हाडात पोचतं आणि कोंबडी हातची जाऊ शकते. शिवाय कोंबडी दुखणं लपवण्यात पटाईत. लंगडते, म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

सोमवारी मैत्रिणीने हाफ डे टाकला आणि चिंगीला खोक्यात घालून पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘बसायची दांडी किती उंच आहे?’

दांडी होती खांद्याएवढी. लोखंडी पाइपची. खाली फरशी. आणि चिंगी उरलेल्या भातावर मस्त गुबगुबीत झालेली. रोज पहाटे ते वजन फरशीवर धप्पकन आदळायचं. निदान झालं!

तुमचं खुराडं काय म्हणतं?

पायाच्या इतर दुखण्यांतही मुळाशी बऱ्याचदा आपलीच व्यवस्था असते. पिल्लांच्या खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं की पाय घसरून दोन बाजूंना फाकतात. त्याऐवजी गोणपाट घाला. फाकलेले पाय पहिल्या काही दिवसांतच मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधले, तर बरेचदा सरळ होतात.

पिल्लाची बोटं मुठीसारखी आत वळली आणि ते घोट्यांवर चालायला लागलं, तर बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं वाढवली की हे होतं. पिल्लांचं तयार खाद्य द्या आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. बोटं आडवी वाकली असतील, तर मात्र कारण अंडी उबवतानाचं बिघडलेलं तापमान किंवा आनुवंशिकता असू शकतं. असं पिल्लू बहुधा मजेत जगतं.

पायाचे खवले उचलल्यासारखे, खडबडीत दिसताहेत? त्याखाली सूक्ष्म कीड असते. पेट्रोलियम जेलीचा जाड थर नियमित लावला की ती गुदमरते. पण एकीलाच लावून भागत नाही, सगळ्याजणींना लावा आणि खुराडंही साफ करा.

दांडी लाकडी, गोल कडांची, दीड-दोन इंच रुंद आणि गुडघ्याएवढी उंच हवी. खाली कोरडं तूस किंवा भुसा. पाय तपासताना हातमोजे घाला, कारण हे जंतू आपल्यालाही त्रास देतात. आणि ब्लेड घेऊन घरच्या घरी सर्जरी? अजिबात नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

चिंगीच्या तळव्यातून वाटाण्याएवढा गोळा निघाला. बरेच दिवस ड्रेसिंग चाललं, रोज ऑफिसला जाण्याआधी. आता ती चालते, पण जरा दबकत. ‘महिनाभर आधी आणली असती तर...’ असं डॉक्टर म्हणाले होते. मैत्रीण ते वाक्य कुणाला पूर्ण करू देत नाही.

सिल्कीचं नाव तिने पंचमी ठेवलंय. दांडी खाली आलीय. आणि दर रविवारी चहाच्या आधी तिघींचे पाय उलटे करून बघायचे, हा घरचा नियम झालाय.

तुमच्याकडे कोंबड्या असतील, तर या रविवारी एकेकीला उचलाच. बोटं नंतर मोजा, आधी तळवा बघा!