इको पार्कमध्ये राहावे की बागबाजारात?

मुलांना घेऊन कोलकात्याला निघालात, की पहिला प्रश्न मुक्कामाचा. न्यू टाउनमधल्या इको पार्कच्या आतच ‘एकांते’ ही कॉटेजेस आहेत. सुमारे ४८० एकरांचा हा पार्क, त्यात जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती. फिरून मुलांचे पाय दुखतात. आत राहिलात तर दुपारी खोलीवर झोप काढून संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता येते. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील, तर जास्तीचे पैसे या विश्रांतीसाठीच मोजायचे.

मात्र जुने कोलकाता पाहायचे असेल तर बागबाजार बरे. गंगेचा घाट, शारदामातांचे ‘मायेर बाडी’, कुमारटुलीतले मूर्तिकार सारे जवळ. पण इथून इको पार्कला गर्दीच्या वेळी जाऊन येण्यातच दोन तास सहज मोडतात. दुर्गापूजेत तर संध्याकाळी टॅक्सी मिळणेही कठीण.

म्हणून आधी वेळ मोजा. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ पार्कमध्ये जाणार असेल तर आत राहा, नाहीतर बागबाजारात. दोन्ही हवे असेल तर मुक्काम वाटून घ्या. वाटेत सॉल्ट लेकचा निक्को पार्कही होईल. इको पार्क सोमवारी बंद असतो, तेवढे बुकिंगपूर्वी लक्षात ठेवा.